हरवलेले आणि माग काढणारे

फ्रेडरिक मॅकुबिन या मेलबर्नच्या चित्रकाराने १८८६ साली एक चित्र काढलं. युकॅलिप्टसच्या सडपातळ झाडांची दाटी, वाळकं उंच गवत, आणि त्यात एकटी उभी असलेली एक लहान मुलगी. गोळा केलेली पानंफुलं तिने एप्रनच्या ओच्यात धरली आहेत आणि ती डोळे पुसते आहे. चित्राचं नाव 'लॉस्ट'. हिंस्र जनावर, वादळ, खोल दरी असं त्यात काही नाही. ऊनसुद्धा सौम्य आहे. तरीही पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण चित्रातली सगळी झाडं एकसारखी आहेत आणि कुठल्याच दिशेला वाट नाही.

चित्राच्या आदल्याच वर्षी व्हिक्टोरिया वसाहतीत क्लारा क्रॉस्बी नावाची बारा वर्षांची मुलगी रानात चुकली होती आणि तीन आठवड्यांनी जिवंत सापडली होती. अशी मुलं एकोणिसाव्या शतकात वरचेवर हरवत. काही सापडत, काही सापडत नसत. वर्तमानपत्रं, छापचित्रं, कविता, शाळेची पुस्तकं आणि पुढे चित्रपट, सगळीकडे हे हरवलेलं मूल पुन्हा पुन्हा येतं. पीटर पियर्स या समीक्षकाने तर १९९९ साली या एकाच विषयावर सबंध पुस्तक लिहिलं आणि हरवलेल्या मुलांचा देश अशीच ऑस्ट्रेलियाची ओळख करून दिली. इतर राष्ट्रं स्वतःचं चित्र काढताना सिंह काढतात, गरुड काढतात, घोड्यावरचा सेनापती काढतात. या राष्ट्राने आपल्या उमेदीच्या काळात रडणारी पोर काढली. मला ही गोष्ट फार प्रामाणिक वाटते. १७८८ पासून आलेल्या लोकांनी जमीन कागदोपत्री आपल्या नावावर करून घेतली होती, पण त्यांच्या पायांना ती ओळखत नव्हती. आईबाप ही भीती उघड बोलू शकत नव्हते. ती त्यांनी मुलाच्या तोंडून बोलून घेतली.

पण त्या रानात वाट ठाऊक असलेला माणूस होता. हजारो वर्षं होता. चित्रकाराने तो चौकटीबाहेर ठेवला, आणि ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय ओळख म्हणून जे काही गेल्या दीडशे वर्षांत चितारलं, लिहिलं, पडद्यावर दाखवलं गेलं, त्याचा इतिहास मला हरवलेल्याचा आणि या माग काढणाऱ्याचा मिळून दिसतो. एकाला सोडून दुसऱ्याचं चित्र पुरं होत नाही.

ऑगस्ट १८६४. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला विमेरा नावाचा मुलूख आहे, तिथल्या एका झोपडीवजा घरातून तीन भावंडं झाडू बांधायला काटक्या आणायला गेली ती परतली नाहीत. इसाक नऊ वर्षांचा, जेन सात वर्षांची, फ्रँक जेमतेम तीनचा. बाप आणि शेजारी घोड्यांवरून दिवसचे दिवस रान तुडवत राहिले. पाऊस पडला, पावलांचे ठसे पुसले गेले. शेवटी आदिवासी माग काढणाऱ्यांना बोलावणं गेलं. ते आले आणि वाकलेल्या गवतावरून, मोडलेल्या काटकीवरून त्यांनी ती वाट वाचायला सुरुवात केली. इथे लहानगा थकून बसला, इथे मोठ्याने गुडघे टेकून त्याला पाठीवर घेतलं, असं ते चालता चालता सांगत गेले. हरवल्यापासून नवव्या दिवशी तिन्ही मुलं जिवंत सापडली. जेनने रात्रीच्या थंडीत आपला झगा काढून धाकट्यावर पांघरला होता. ही सात वर्षांची बहीण रातोरात सबंध वसाहतीची लाडकी झाली. तिची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी क्रमिक पुस्तकात वाचली. माग काढणारे त्या गोष्टीत येतात आणि काम झाल्यावर निघून जातात.

त्यांतल्या एकाचं नाव जंगुनजिनानुक. गोऱ्या लोकांच्या तोंडी तो 'डिक-अ-डिक' होता. चार वर्षांनी, १८६८ मध्ये, इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणाऱ्या क्रिकेट संघात तो निवडला गेला. इंग्लंडला गेलेला ऑस्ट्रेलियाचा हा पहिला संघ, आणि कर्णधार चार्ल्स लॉरेन्स सोडला तर त्यातले खेळाडू आदिवासी होते, बहुतेक याच विमेरा भागातले. मे ते ऑक्टोबर या काळात ते ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. सामना संपला की जंगुनजिनानुक मैदानात एकटा उभा राही. हातात अरुंद ढाल आणि एक वाकडा सोटा. प्रेक्षकांनी पैसे देऊन पंधरावीस पावलांवरून त्याच्या अंगावर चेंडू फेकायचे आणि त्याने ते चुकवायचे. टाळ्या पडत. ज्याने तीन मुलांना मरणाच्या दारातून परत आणलं, त्याच्यावर लोक चेंडू फेकत होते, हे वाचताना माझं मन आजही कडवट होतं. या संघातला किंग कोल नावाचा खेळाडू लंडनमध्ये क्षयाने वारला आणि तिथेच पुरला गेला. बाकीचे परतले. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, व्हिक्टोरिया वसाहतीने आदिवासींनी कुठे राहावं, कुठे काम करावं हे ठरवण्याचे अधिकार सरकारच्या हाती देणारा कायदा केला. ॲशेसच्या दंतकथा सुरू झाल्या त्या यानंतर, आणि या संघाशिवाय.

या संघातला सर्वांत गुणी खेळाडू जॉनी मुलाघ. त्या दौऱ्यात त्याने १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. त्याच्या नावाचं पदक द्यायला ऑस्ट्रेलियाला २०२० साल उजाडावं लागलं. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपल्यानंतरची ती मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी. विराट कोहली मायदेशी परतलेला, कर्णधारपद अजिंक्य रहाणेकडे. त्याने ११२ धावा काढल्या, भारत जिंकला, आणि सामनावीराला प्रथमच दिलं गेलेलं मुलाघ पदक त्याला मिळालं. १८६८ च्या संघातल्या खेळाडूंच्या कमरपट्ट्याच्या बकलावरून या पदकाची घडण केली आहे. पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेल्या महाराष्ट्रातल्या घराघरांत त्या दिवशी रहाणेच्या शतकाबद्दल बोललं गेलं, आणि ते साहजिकच होतं. पण संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या एका फलंदाजाच्या हाती त्या देशाने आपल्या विसरलेल्या पहिल्या संघाची खूण ठेवली, हे आपल्याकडे फारसं कुणी बोललं नाही.

आता उलट्या बाजूने पाहू. राष्ट्रीय दंतकथा घडली ती साधारण १८८० ते १९०० या वीस वर्षांत, १९०१ च्या संघराज्याच्या तोंडावर. दंतकथेचा नायक रानातला, ऑस्ट्रेलियन लोक ज्याला 'बुश' म्हणतात त्या शहराबाहेरच्या अफाट मुलखातला: मेंढ्या कातरणारा, गुरं हाकणारा, पाठीवर वळकटी टाकून काम शोधत फिरणारा. शब्दाला पक्का, मित्राला जागणारा, साहेबापुढे न वाकणारा. आणि ही दंतकथा लिहिणारे, रंगवणारे बहुतेक शहरात राहणारे. १८९१ च्या सुमाराला एकट्या मेलबर्नची वस्ती पाच लाखांच्या आसपास होती. टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, मॅकुबिन ही मंडळी आगगाडीने उपनगरांच्या कडेला जाऊन तंबू ठोकत आणि चित्रं काढत. ऑगस्ट १८८९ मध्ये त्यांनी सिगारच्या खोक्यांच्या फळ्यांवर काढलेल्या छोट्या चित्रांचं प्रदर्शन मेलबर्नमध्ये भरवलं आणि समीक्षकांच्या शिव्या खाल्ल्या. आज तीच चित्रं राष्ट्राचा ठेवा आहेत.

रॉबर्ट्सचं 'शिअरिंग द रॅम्स' १८९० सालचं. तो स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेला. पण न्यू साउथ वेल्समधल्या कोरोवाजवळच्या ब्रॉकल्सबी इथे मेंढ्या कातरण्याच्या हंगामात जाऊन, माणसांच्या पाठी, मनगटं, कात्र्या यांचा अभ्यास करून त्याने ते उभं केलं. घामाने चकाकणारे दंड, छपरातून झिरपणारा उजेड, आणि एका बाजूला आपल्याकडे पाहून हसणारा डांबरवाला पोरगा. (मेंढीला कात्री लागली की जखमेवर डांबर लावावं लागे.) त्या पोराच्या चेहऱ्यासाठी एक नऊ वर्षांची मुलगी बसली होती. चित्र इतकं सुरेख आहे की त्यात काय नाही हे लक्षातच येत नाही. यांत्रिक कात्र्या तेव्हा येऊन पोचल्या होत्या, त्या नाहीत. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, क्वीन्सलंडमधल्या कातरणाऱ्यांचा मोठा संप सरकारने सैनिक आणून मोडला. त्याची चाहूल नाही. आणि मेंढ्यांची ही कुरणं आधी कुणाची होती याचा मागमूस नाही.

ज्या साप्ताहिकाने लेखणीच्या बाजूने हेच काम केलं ते सिडनीचं 'बुलेटिन', स्थापना १८८०. ते राजेशाहीवर तुटून पडे, जमीनदारांची रेवडी उडवी, साध्या माणसाची भाषा छापी. आणि विसाव्या शतकात कितीतरी दशकं त्याच्या नावाच्या पट्टीखाली ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी आहे अशा अर्थाची ओळ छापली जात होती. ती १९६० साली निघाली. समतेचं प्रेम आणि वर्णाचा अहंकार एकाच अंकात, एकाच सुरात नांदत होते. यांतलं एकच खरं आणि दुसरं अपघाती, असं मानण्याचा मोह मला होतो, पण ते खरं नाही. 'सगळे सारखे' म्हणताना सगळे कोण हे आधी ठरवलेलं होतं.

याच 'बुलेटिन'मध्ये जुलै १८९२ मध्ये हेन्री लॉसनची 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही गोष्ट आली. पंचवीस वर्षांचा, जवळजवळ बहिरा झालेला हा लेखक. गोष्ट थोडक्यात अशी. नवरा गुरांचे कळप हाकत महिनोन्‌महिने लांब गेलेला. रानात दोन खोल्यांचं घर, चार मुलं आणि ॲलिगेटर नावाचा कुत्रा. एका संध्याकाळी एक साप घराखाली शिरतो. बाई मुलांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर निजवते आणि दांडकं जवळ घेऊन रात्रभर जागी बसते. त्या जागरणात तिचं आयुष्य तिच्या डोळ्यांपुढून जातं: नवऱ्याची विजार चढवून एकटीने झुंजलेला वणवा, पुरात फुटलेला बांध, मेलेलं मूल घेऊन घोड्यावरून केलेला प्रवास. दर रविवारी ती मुलांना नीटनेटकं करते, स्वतः चांगले कपडे घालते, बाबागाडी ढकलत फिरायला जाते. बघायला कोसभर कुणीही नसतं. या एका तपशिलासाठी मी लॉसनला थोर लेखक म्हणेन. माणूसपण टिकवण्याची एवढी एकाकी, एवढी हट्टी खटपट फार थोड्या कथांत सापडते. पहाटे साप निघतो, कुत्रा त्याला धरून बाहेर ओढतो, बाई दांडक्याने त्याला ठेचते, आणि थोरला मुलगा आईला सांगतो की मी कधी असं गुरांमागे जाणार नाही.

या गोष्टीमागे लॉसनची आई आहे असं मानतात. लुइझा लॉसन रानातला संसार सोडून १८८३ साली सिडनीला आली आणि १८८८ मध्ये तिने 'द डॉन' हे स्त्रियांसाठीचं मासिक सुरू केलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्यासुद्धा बायका होत्या. मुलाचं पहिलं पुस्तक तिनेच छापलं. रानातल्या बाईला जर कुणी तोंडाने बोलायला लावलं असतं तर ती काय बोलली असती, याचं उत्तर लुइझाच्या मासिकात आहे. मुलाच्या गोष्टीत मात्र ती बाई गप्प बसलेली आहे.

आणि त्या गोष्टीच्या कडेला दोन माणसं आहेत, जी मी पहिल्या वाचनात ओलांडून गेलो होतो. बाई आजारी असताना, एकटी असताना तिचं बाळंतपण करायला येणारी आदिवासी दाई, जिला गोष्टीत फक्त 'ब्लॅक मेरी' म्हटलंय. आणि तंबाखूच्या बदल्यात लाकडं रचून देणारा एक आदिवासी. सापावर पाळत ठेवता ठेवता बाई चुलीसाठी ओंडका ओढते आणि ढीग कोसळतो. त्याने तो आतून पोकळ रचलेला असतो. वणव्यात, पुरात न कोलमडलेली बाई या फसवणुकीने रडते. डोळे पुसायला रुमाल घेते तर रुमालाला भोकं, बोटं डोळ्यांत जातात, आणि मग ती हसते. लॉसनने हे हसतं-रडतं दृश्य विलक्षण लिहिलंय. फक्त एकच प्रश्न त्याने विचारला नाही: ज्याच्या रानातली लाकडं त्यालाच चिमूटभर तंबाखूवर रचायला सांगितली, त्याने ढीग भरीव का रचावा?

या गोष्टीने नंतर ऑस्ट्रेलियाला सोडलं नाही. १९४४ च्या भीषण दुष्काळात रसेल ड्रायस्डेल हा चित्रकार 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड'साठी पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात रेखाटनं करत फिरला. त्यातून पुढच्या वर्षी त्याचं 'द ड्रोव्हर्स वाइफ' आलं: थोराड बांध्याची, साध्या हॅटमधली बाई, हातात पिशवी, मागे सपाट करपलेली जमीन, दोनचार मेलेली झाडं, आणि पार लांब नवरा व घोडागाडी ठिपक्याएवढी. लॉसनची बाई रानाने वेढलेली होती, ही आभाळाने. १९७५ मध्ये मरे बेलने याच नावाची गोष्ट लिहिली. तिच्यात ॲडलेडचा एक दंतवैद्य ड्रायस्डेलचं चित्र पाहून म्हणतो, ही तर मला सोडून गेलेली माझी बायको. १९८० साली बार्बरा जेफरिसने त्या बाईलाच बोलायला लावलं, आणि तिने इतकी वर्षं आपल्याबद्दल बोलणाऱ्या पुरुषांना चांगलं सुनावलं. रायन ओनीलने तर २०१८ मध्ये ही एक गोष्ट नव्व्याण्णव तऱ्हांनी सांगितली. राष्ट्रगीतं आणि झेंडे मला कधी इतकं सांगून गेले नाहीत. जो समाज एकाच गोष्टीकडे सव्वाशे वर्षं परत परत येतो, त्याचं त्या गोष्टीत काहीतरी राहून गेलेलं असतं.

काय राहून गेलं होतं ते मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ च्या आपल्या रेडिओ व्याख्यानांत सांगितलं. ऑस्ट्रेलियाचा इतिहास अशा खिडकीतून पाहिला गेलाय, जी मुद्दाम अशा ठिकाणी बसवली आहे की भूमीचा एक अख्खा तुकडा नजरेस पडूच नये, अशा आशयाचं त्यांचं म्हणणं होतं. दोनच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, देशाने पौंड सोडून डॉलर स्वीकारला होता. एक डॉलरच्या नव्या नोटेवर आर्नहेम लँडच्या डेव्हिड मलांगी यांनी झाडाच्या सालीवर काढलेल्या चित्रावरून नक्षी घेतली होती, एका पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीचं चित्र. मलांगींना कुणी विचारलंच नव्हतं. जुनं, निनावी काहीतरी असेल असं समजून ते उचललं गेलं. चित्रकार जिवंत आहे हे कळल्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी त्यांना एक हजार डॉलर, मासेमारीचं सामान आणि एक पदक दिलं. कूम्ब्स सहृदय होते, पुढे आदिवासींच्या बाजूने त्यांनी आयुष्यभर काम केलं. म्हणूनच ही घटना मला अधिक बोचते. वाईट माणूस कुणी नव्हता. राष्ट्राची ओळख म्हणून ज्याची रेघ हवी होती, तो माणूस हयात असेल हे फक्त कुणाच्या मनातच आलं नाही.

सिनेमात हा माग काढणारा एकाच चेहऱ्याने चाळीस वर्षं वावरला. डेव्हिड गुलपिलिल. आर्नहेम लँडचा योलंगू नर्तक, निकोलस रोग या ब्रिटिश दिग्दर्शकाने 'वॉकअबाउट'साठी त्याला निवडलं तेव्हा तो पोरगेला होता. १९७१ च्या त्या चित्रपटात वाळवंटात हरवलेल्या दोन गोऱ्या भावंडांना तो पाणी दाखवतो, शिकार करून खाऊ घालतो, वाटेला लावतो, आणि शेवटी त्याचं मन त्या मुलीला वाचता येत नाही म्हणून मरतो. श्रेयनामावलीत त्याचं नावसुद्धा चुकीचं छापलं गेलं. चार वर्षांनी पीटर वेअरचा 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' आला. शाळकरी मुली एका खडकाच्या पोटात नाहीशा होतात आणि त्यांचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. चित्रपट अतिशय देखणा आहे, पण त्याच्या गूढात मला एक अडचण वाटते. भूमी गूढ आहे असं म्हटलं की ती ज्यांना गूढ नव्हती त्यांच्याकडे बघायला नको.

नव्या शतकाच्या सुरुवातीला ही वाट फिरली. रेचल पर्किन्सच्या 'वन नाइट द मून'मध्ये (२००१) मुलगी हरवते, आणि बाप आदिवासी माग काढणाऱ्याला आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू देत नाही. पोर सापडते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुढच्या वर्षी फिलिप नॉइसचा 'रॅबिट-प्रूफ फेन्स' आला, आणि त्यात हरवलेली मुलं आदिवासी होती. ती वाट चुकून हरवलेली नव्हती, सरकारने आयांच्या हातांतून उचलून नेलेली होती. १९३१ साली मॉली, तिची बहीण डेझी आणि मावसबहीण ग्रेसी मूर रिव्हरच्या वसतिस्थानातून पळाल्या आणि सशांना अडवायला घातलेल्या कुंपणाच्या कडेने घराकडे निघाल्या. ग्रेसी वाटेत पकडली गेली, बाकी दोघी सुमारे १,६०० किलोमीटर चालून जिगालाँगला पोचल्या. मॉलीच्या मुलीने, डोरिस पिल्किंग्टन गारीमारा हिने, ते लिहून ठेवलं होतं. चित्रपटात त्या मुलींचा माग काढायला सरकार ज्याला पाठवतं तो मूडू म्हणजे गुलपिलिलच. त्याची स्वतःची मुलगी त्याच वसतिस्थानात अडकलेली आहे. मुली पावलांचे ठसे लपवत जातात, आणि ते चातुर्य ओळखताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी एकही संवाद लागत नाही. मॅकुबिनपासून चालत आलेलं हरवलेल्या मुलाचं चित्र इथे पूर्ण उलटं झालं: या रानात आदिवासी मुलगी हरवत नाही, ती घरी पोचते. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालाने जे कागदावर मांडलं होतं ते या चित्रपटाने दिवाणखान्यांत नेलं, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. माफीमागे असंख्य माणसांची वर्षानुवर्षांची झुंज होती. कलेने त्यात एवढंच केलं की नाकारणाऱ्याला नजर वळवायला जागा ठेवली नाही.

एका चित्राने तर कज्ज्यात पुराव्याचं काम केलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी डेझर्ट या वाळवंटातल्या लोकांनी आपल्या भूमीवर हक्क सांगितला. १९९२ च्या माबो निकालाने तो सांगण्याची वाट मोकळी केली होती. पण सिद्ध कसं करायचं? इंग्रजी कागद त्यांच्याकडे नव्हते, आणि इंग्रजीतून आपली भूमी सांगणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी चित्र काढायचं ठरवलं. पहिलं मनासारखं झालं नाही म्हणून १९९७ मध्ये पिर्निनी इथे त्यांनी आठ मीटर बाय दहा मीटरचं दुसरं रंगवलं, चाळीसहून अधिक जणांनी मिळून. 'नुरारा' हे त्याचं नाव. प्रत्येकाने आपापल्या पाणवठ्याचा भाग रंगवला. नेटिव्ह टायटल ट्रिब्युनलचे सदस्य आले तेव्हा एकेक जण त्या कापडावर, आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. आधुनिक कलेच्या इतिहासात यापेक्षा मोठी घटना मला चटकन आठवत नाही. ज्याला आपण निसर्गचित्र म्हणू, ते इथे एकाच वेळी नकाशा होतं, वंशावळ होती आणि साक्ष होती.

म्हणूनच १४ ऑक्टोबर २०२३ चा निकाल माझ्यासारख्या लांबून पाहणाऱ्यालाही लागला. आदिवासींशी संबंधित बाबींवर संसदेला सल्ला देणारं एक मंडळ राज्यघटनेत असावं, एवढाच प्रस्ताव होता. सुमारे साठ टक्के मतदारांनी तो नाकारला. सहाच्या सहा राज्यांत तो पडला. नाकारणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. काही आदिवासी नेतेही विरोधात होते, कारण त्यांना हे फार अपुरं वाटत होतं. तरी विमानांवर, गणवेशांवर, ऑलिंपिकच्या उद्घाटनात ज्यांची चित्रं देश अभिमानाने मिरवतो, त्यांचा सल्ला घटनेत नको म्हणणं, यात १९६६ च्या त्या नोटेचीच मनोवृत्ती मला दिसते.

लिआ पर्सेल ही आदिवासी अभिनेत्री-लेखिका क्वीन्सलंडमध्ये वाढली. लहानपणी तिची आई तिला लॉसनची ती गोष्ट वाचून दाखवत असे. २०१६ मध्ये सिडनीच्या बेल्व्हॉर नाट्यगृहात तिने त्या गोष्टीवरचं आपलं नाटक आणलं, मुख्य भूमिका स्वतः केली, मग त्याची कादंबरी लिहिली, २०२१ मध्ये चित्रपट केला. लॉसनची निनावी बाई इथे मॉली जॉन्सन आहे. कडेला उभा असलेला आदिवासी पुरुष इथे यदाका होऊन, गळ्यात लोखंडी कडं अडकलेला, तिच्या अंगणात मधोमध येतो. नवऱ्याची मारझोड, जी लॉसनने लिहिली नव्हती, ती उघड होते. चित्रपटात तर लुइझा नावाची, बायकांच्या छळाविषयी लिहिणारी एक स्त्रीही आहे. आणि मॉलीला कळतं की ब्लॅक मेरी हीच आपली जन्मदाती. ऑस्ट्रेलियन स्त्रीत्वाची मूर्ती म्हणून शतकभर जिची पूजा झाली, ती बाई त्या भूमीतलीच होती. जिला सगळे हरवलेली समजत होते तिच्या रक्तात वाट होती. मूळ गोष्टीचा शांतपणा पर्सेलच्या रूपात उरत नाही, ती रक्तपाताकडे जाते, आणि काही ठिकाणी मला ती ओढाताण जाणवते. पण लॉसनचं मौन मोडायचं तर आवाज होणारच होता.

आता या घरात आणखी माणसं आली आहेत. २०२१ च्या जनगणनेनुसार परदेशात जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन रहिवाशांत इंग्लंडखालोखाल संख्या भारतात जन्मलेल्यांची आहे, आणि त्यांत सिडनी-मेलबर्नची कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. नागरिकत्वाचे अनेक समारंभ २६ जानेवारीला होतात. आपला प्रजासत्ताक दिन, त्यांचा राष्ट्रीय दिन, आणि १९३८ पासून तिथल्या आदिवासींनी शोकाचा म्हणून पाळलेला दिवस. शपथ घेणाऱ्या माणसाला यातला कुठला दिवस आपला म्हणायचा ते ठरवावं लागतं, आणि तसं ठरवणं म्हणजेच त्या देशाच्या ओळखीत आपला वाटा घालणं असतं. लॉसनच्या काळी पंजाब-सिंधकडचे हिंदी फेरीवाले रानातल्या एकट्या घरांपाशी कापड, सुया, मसाले विकत हिंडत. त्यांच्या बाजूने ती गोष्ट कुणी सांगितलेली माझ्या वाचनात नाही. तिथे वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलीने ती लिहावी असं मला मनापासून वाटतं. लिहायला बसण्याआधी तिने दोन गोष्टी शोधून काढाव्यात: ते घर कोणत्या लोकांच्या भूमीवर उभं होतं, आणि त्या दाईचं तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव काय असू शकलं असतं.